चिमूटभर लाल

काकांनी नवा कॅमेरा घेतला म्हणून आत्याला नवा कॉम्प्युटर घेणं भाग पडलं. नव्या कॅमेऱ्याच्या फायली आत्याच्या फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नव्हत्या. ज्या आवृत्तीत त्या उघडत होत्या, ती आवृत्ती आत्याच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालत नव्हती. आणि नवी सिस्टीम टाकावी, तर तिच्या भाराने जुना कॉम्प्युटर मान टाकत होता.

"नाकापेक्षा मोती जड झालाय," आत्या फोनवर म्हणाली. "तू ये बाई. तुझे काका सकाळपासून मॅक मॅक करतायत. घरात बदक पाळल्यासारखं झालंय."

मी रंगाच्या कारखान्यात काम करते. प्रत्येक घाण्यातून निघालेला रंग ठरलेल्या नमुन्याशी जुळतो का, हे प्रयोगशाळेत बसून तपासायचं, हे माझं काम. म्हणून घरातल्या प्रत्येक यंत्राचं मला कळतं, असा आत्याचा समज आहे. तो मोडायचा मी कधी प्रयत्न केला नाही, कारण मलाही विचारलं जायला आवडतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, आणि काका तिचे यजमान. आई गेली तेव्हा मी जेमतेम चालायला लागले होते. वडील नोकरीनिमित्त सतत फिरतीवर, त्यामुळे मला आत्यानेच वाढवलं, स्टुडिओच्या वरच्या दोन खोल्यांत. खाली काका फोटो काढायचे आणि मागच्या खोलीत आत्या ते दुरुस्त करायची. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, नाकावरची चकाकी, जुन्या फोटोतल्या घड्या आणि बुरशी, सगळं तिच्या हाताखालून जायचं. लोक काकांकडे येत, पण फोटो बरा आला की श्रेय आत्याला देत. काकांना हे ठाऊक होतं. "मी फक्त बटण दाबतो, माणसं ती बनवते," असं ते गिऱ्हाइकांना स्वतःच सांगत.

मी पोचले तेव्हा मागच्या खोलीतल्या लांब टेबलावर जत्रा भरली होती. एका टोकाला आत्याचा जुना कॉम्प्युटर. त्याशेजारी दुकानदाराने वापरून बघा म्हणून दिलेला नवा, विंडोजवाला. त्याच्या पलीकडे काकांच्या व्हिडिओवाल्या मित्राने चार दिवसांसाठी दिलेला मॅक. मी माझा लॅपटॉप आणला होता, त्यावर लिनक्स होतं.

"आली आमची प्रयोगशाळा," काका म्हणाले. "आता हिला सांग, सगळे मोठे फोटोवाले कशावर काम करतात ते."

"मोठ्यांचं मोठ्यांना लखलाभ," आत्या म्हणाली. "मला एवढंच सांग, वहिनी कशात बरोबर दिसते?"

वहिनी म्हणजे माझी आई. आत्याच्या मॉनिटरच्या उजवीकडे, खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, तिचा फोटो आहे. काकांनीच काढलेला. खुर्चीत बसून ती किंचित डावीकडे बघते आहे. स्टुडिओत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा हाच फोटो आत्याने स्कॅन करून ठेवला होता. तेव्हा तो नुकताच धुऊन आलेला, नवाकोरा होता. त्या फाइलचं नावही 'वहिनी' असंच आहे. रोज सकाळी आत्या आधी ती फाइल उघडते. पडद्यावरची वहिनी आणि भिंतीवरची वहिनी यांच्याकडे आळीपाळीने बघते. थोडा फरक वाटला तर मॉनिटरखालची बटणं दाबून रंग सारखा करते आणि मगच दिवसाच्या कामाला हात घालते. "वहिनी जुळली की गिऱ्हाइकं आपोआप जुळतात," हा तिचा नेम.

तिचा आणखी एक नेम होता. काम झालेला फोटो छपाईला पाठवण्याआधी ती त्यात थोडासा लाल रंग वाढवायची. "चिमूटभर. भाऊंच्या नावाने." भाऊ म्हणजे आमचे प्रिंटवाले. त्यांचं मशीन रंग खातं, पडद्यावर टवटवीत दिसणारा माणूस त्यांच्याकडून फिका होऊन येतो, अशी आत्याची जुनी तक्रार होती. भाऊ शपथेवर नाही म्हणत.

आम्ही आधी विंडोज लावलं. सॉफ्टवेअर झटकन उघडलं. आत्याची करंगळी डाव्या कोपऱ्यातल्या कंट्रोलच्या बटणावर न बघता जाऊन बसली. सगळं ओळखीचं होतं. मग तिने 'वहिनी' उघडली आणि हात मागे घेतला.

"ही आजारी दिसते."

मलाही तसंच वाटलं. पडद्यावरच्या चेहऱ्यावरची तांबूस कळा गेली होती. भिंतीवरच्या फोटोशेजारी ती मलूल, थोडी काळवंडलेली वाटत होती.

"बघितलंस?" काका उत्साहाने म्हणाले. "मॅकवर बघ आता."

मॅकवर आत्याची करंगळी दोनदा चुकली. तिथे तेच काम अंगठ्याने करायचं असतं, ते बटण मधल्या लांब पट्टीच्या शेजारी असतं. "अंगठ्याने काय, मी अंगठेबहाद्दर आहे का?" ती पुटपुटली. आणि वहिनी उघडली, तर तिथेही तशीच. मलूल.

माझ्या लॅपटॉपवर आत्याचं सॉफ्टवेअर चालत नाही. मी त्याच कामाचं दुसरं, फुकट मिळणारं टाकून आणलं होतं. आत्याने मन लावून बघितलं. "आहे की सगळं. पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखं आहे. साखर सापडेल, पण डबे हुडकावे लागतील." वहिनी तिथेही आजारीच होती.

"म्हणजे सगळीच नवी यंत्रं रंग खातात," आत्या म्हणाली. "भाऊंच्या मशीनसारखी."

ते मला पटण्यासारखं होतं. पण पुढे तिने सहज म्हणून भाऊंकडे आधीच पाठवलेलं एक काम उघडलं. शाळेतून निवृत्त झालेलं जोडपं, शेजारी शेजारी उभं. जुन्या पडद्यावर ती दोघं चांगली खुललेली दिसत होती. विंडोजवर ती टोमॅटोसारखी लाल दिसली. मॅकवर लाल. लिनक्सवरही लाल.

मी खुर्ची ओढून बसले. एकच पडदा, एकच मिनिट. वहिनी फिकी पडते आणि गुरुजी लाल होतात. यंत्र रंग खात असेल, तर त्याने दोघांचाही खायला हवा. वाढवत असेल, तर दोघांचाही वाढवायला हवा. तीन वेगवेगळ्या घरांतून आलेली तीन यंत्रं अगदी सारखीच उलटी वागतायत, याचं मला फार नवल वाटलं. खरं सांगायचं तर आनंदही झाला.

आत्याला तसा आनंद झालेला नव्हता. तिने फोटो दुरुस्तीचं डिजिटल पेन खाली ठेवलं आणि जुन्या कॉम्प्युटरवर त्याचं कापड ओढलं.

"मी सांगून ठेवते," ती काकांना म्हणाली. "चेहऱ्याचा रंग मला दिसला नाही, तर मी चेहऱ्याला हात लावणार नाही. तुमच्या नव्या कॅमेऱ्याचे फोटो थेट भाऊंकडे पाठवा. त्यांचं मशीन आपोआप काय ते करेल. मी थांबते."

"अगं, थांबते काय?"

"थांबते म्हणजे थांबते. वरती बसून दूरदर्शन बघीन."

काकांनी माझ्याकडे बघितलं. चेष्टा करायचं त्यांना सुचलं नाही. आत्या हे काम सोडून वर बसली तर कशी दिसेल, हे आम्हा दोघांनाही डोळ्यांसमोर आणता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेतलं रंग मोजायचं यंत्र मागून आणलं. पडद्यावर टेकवलं की पडदा किती खरं बोलतो ते ते सांगतं. तिन्ही नवे पडदे जवळजवळ बरोबर होते. जुन्या पडद्यावर टेकवलं आणि आकडे बघून मी ते पुन्हा टेकवलं. त्यात लाल कितीतरी जास्त होता.

"आत्या, खोटं बोलतोय तो जुना."

"तुझ्या यंत्राने बघितलीय का माझी वहिनी?"

"नाही."

"मी बघितलीय. तिच्याशेजारी जेवलेय, तिच्याशी भांडलेय. ती कशी दिसायची ते मला यंत्र सांगणार?"

मी आईला बघितलेलं मला आठवत नाही. ती मला भिंतीवरच्या फोटोतूनच माहीत आहे.

दुपारी मी भाऊंकडे गेले. ते ओल्या छपाईच्या वासात, चष्मा कपाळावर चढवून बसले होते. आत्याचं नाव काढताच त्यांनी दोन्ही हात जोडले.

"तुमच्या आत्याबाईंचे फोटो मी लांबून ओळखतो. त्यांच्याकडची सगळी माणसं लाजलेली असतात."

"लाजलेली?"

"हो ना. नवरी लाजते ते ठीक. नवराही लाजतो, सासराही लाजतो. परवा एक पोलीस आला होता, तोही लाजला." मग गंभीर होऊन म्हणाले, "पूर्वी नव्हतं हो असं. पूर्वी त्यांचा रंग म्हणजे नमुना होता. मी माझ्या माणसांना दाखवायचो. हळूहळू लाजायला लागले."

हळूहळू, हा शब्द घेऊन मी परत आले. यंत्र बिघडलं तर बहुधा एकदम बिघडतं. हळूहळू बदलणाऱ्या गोष्टी निराळ्या असतात.

खोलीत आत्या नव्हती. चारही पडदे एकमेकांना खेटून लावावेत आणि एकाच उजेडात बघावेत, असं मी ठरवलं. जुना मॉनिटर उजवीकडे सरकवायचा तर आईची फ्रेम मध्ये येत होती. मी ती खिळ्यावरून काढली.

भिंतीवर तिच्या मागे एक चौकोन होता. बाकीची भिंत मळकट पिस्त्याच्या सालीसारखी दिसायची, ती तशीच आहे असं मी लहानपणापासून धरून चालले होते. चौकोनातली भिंत स्वच्छ, गडद हिरवी होती. अगदी काल दिल्यासारखी.

रंग हेच माझं काम आहे, त्यामुळे मी थोडी ओशाळले. आमच्याकडे नमुन्याच्या पट्ट्या काळ्या कागदात गुंडाळून बंद खणात ठेवतात. जुळवायच्या वेळीच बाहेर काढतात आणि लगेच परत ठेवतात, कारण उजेडाने पट्टीचाच रंग उडाला तर पुढचा सगळा रंग उडालेल्या पट्टीशी जुळत जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. आत्याची पट्टी खिडकीसमोर टांगलेली होती. आणि रोज सकाळी ती पडदा त्या पट्टीशी जुळवत होती.

मी जिन्यातून हाक मारली. आत्या खाली आली, मागोमाग काका.

"फ्रेम का काढलीस?"

"उघडायची आहे. उघडू का?"

आत्यानेच खणातून चपटा स्क्रूड्रायव्हर काढून दिला.

मागच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, वर केल्या, पाठीचा पुठ्ठा काढला. फोटोभोवती, काचेच्या आत, पांढऱ्या पुठ्ठ्याची चौकट होती. ती उचलल्यावर फोटोची बाहेर कधीच न दिसलेली कड उघडी झाली. खालच्या बाजूला ती रुंद होती. तिथे खुर्चीचा हात होता आणि त्यावर ठेवलेलं आईचं मनगट, घड्याळ घातलेलं.

चौकटीची रेघ बरोबर तिच्या हातावरून गेली होती. रेघेच्या वर हात तांबूस, नारिंगीकडे झुकलेला, फिका. रेघेच्या खाली तोच हात सावळा, ओल्या मातीसारखा.

आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"हा हात दुसऱ्या कोणाचा वाटतो."

"तिचाच आहे," काका म्हणाले. "घड्याळ बघ. तुझ्याच भावाने दिलेलं."

"पण माझ्या डोळ्यांसमोर आहे ना ती. अशी होती." आत्याने फोटोतल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"सावळी होती गं. मी एक दिवा जवळ ओढला, तर मला म्हणाली, भावजी, दिव्याने गोरी करू नका, सासरचे ओळखायचे नाहीत."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू काय विचारलंस कधी? मला वाटलं, तुला अशीच आवडते."

आत्या खुर्चीत बसली. मला वाटलं ती रागावेल, पण ती फोटोकडे निरखून बघत होती, जुन्या फोटोतली घडी कुठून सुरू होते ते शोधावं तशी. "आधी फोटो उडून तांबूस झाला," ती सावकाश म्हणाली. "मग मी पडदा लाल केला, त्याच्याशी जुळावा म्हणून."

"हो."

"पडदा लाल, म्हणून भाऊंची छपाई फिकी वाटली. म्हणून मी वरून चिमूट घातली."

"हो."

"आणि रोज हाच फोटो बघून मला तीही तशीच आठवायला लागली." ती थांबली. "याला काही यंत्र आहे का तुझ्याकडे?"

"नाही," मी म्हणाले.

मी बाही वर केली आणि माझं मनगट फोटोतल्या त्या मनगटाशेजारी ठेवलं. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. प्रयोगशाळेत दोन रंग जुळतात की नाही हे ठरवायला आम्हाला दिवा लागतो, यंत्र लागतं, दोन माणसांच्या सह्या लागतात. इथे आम्हा तिघांनाही एकदम दिसलं.

"हात तसाच ठेव," आत्या म्हणाली. तिने मला मनगटाला धरून उठवलं आणि टेबलाशी नेलं. विंडोजवर 'वहिनी' उघडली, माझं मनगट पडद्याशी धरलं. मॅकवर धरलं. लिनक्सवर धरलं. तिन्हीकडे पडद्यावरचा चेहरा आणि माझा हात एकाच रंगाचे होते. मग तिने जुन्या पडद्यावरचं कापड काढलं आणि तिथेही धरलं. तिथे आई कुणी परकी बाई दिसत होती.

"म्हणजे भाऊ बरोबर होते," आत्या म्हणाली.

"तसं दिसतंय," मी म्हणाले आणि दुपारी भाऊंनी काय काय सांगितलं ते तिला सांगितलं.

"त्यांना सांगू नकोस. मला सांगायचं तेव्हा मी सांगीन." मग थोड्या वेळाने, "पोलीसही लाजला म्हणाले का?"

काकांना हसू आवरेना. आत्याही हसली, पण तिचे डोळे अजून फोटोवरच होते.

प्रश्न मात्र तिथेच होता. तिन्ही सिस्टीम खरं बोलत होत्या, तेव्हा रंगावरून निवड करता येत नव्हती. आणि आत्या थांबणार होती की नाही, हे तिने अजून सांगितलं नव्हतं. मी विचारलं नाही. काकांनी नव्या कॅमेऱ्यातला एक फोटो उघडून दिला, गल्लीतल्या शिंप्याचा, आणि ते खोलीबाहेर गेले. आत्या त्याकडे बघत राहिली. मग तिने पेन उचललं. कपाळावरचा डाग काढला, कॉलरवरचा धागा काढला, डोळ्यांत थोडा उजेड आणला. शेवटी तिचा हात सवयीने लाल रंगाच्या पट्टीकडे गेला आणि हवेत थांबला. मग तिने पेन ठेवलं आणि चिमूट न घालता फोटो पाठवून दिला.

संध्याकाळी भाऊंचा फोन आला. आत्याने तो स्पीकरवर टाकला.

"ताई, तब्येत बरी आहे ना?"

"का हो?"

"आज शिंपी लाजला नाही."

"कसा आलाय?"

पलीकडे कागदाचा आवाज झाला. "शिंप्यासारखा आलाय," भाऊ म्हणाले. "समोर बसलाय असं वाटतंय. मशीन कुठलं घेतलंत?"

"ठरतंय," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती मॅकसमोर जाऊन बसली. अंगठा त्या बटणावर ठेवला, उचलला, परत ठेवला. करंगळीने दोनदा चूक केली, तिसऱ्यांदा केली नाही.

"हा घेऊ," ती म्हणाली.

काकांनी दारातून दोन्ही हात वर केले. "मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो!"

"तुम्ही सांगत होता म्हणून नाही. विंडोज घेतला तर सगळं ओळखीचं राहील, आणि ओळखीचं असलं की हात आपोआप चालतात. मग ती चिमूटही पडेल, मला कळायचंही नाही." तिने करंगळी चोळली. "शिवाय ही बिचारी थकलीय. अंगठा इतकी वर्षं नुसता बसून खातोय. त्याला लागू दे कामाला."

मी लॅपटॉप बंद केला. लिनक्स हरलं, याचं थोडं वाईट वाटलं, पण ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

फ्रेम परत लावायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, चौकट थोडी खाली कापून घेऊ, म्हणजे मनगटही दिसेल. मी काही बोलायच्या आत आत्याच नाही म्हणाली. तिने पांढरी चौकट होती तशी बसवली, रेघ रेघेवर जुळवून, आणि मागच्या चुका ठोकल्या.

"तो झाकलेलाच बरा. उघडला की उडेल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू महिन्यातून एकदा यायचं. सकाळी. हात घेऊन."

"हात काय, मी अख्खीच येईन."

"ये. पण बाही वर करून बस. काम करायचंय मला."